गाऊनखालचा रस्ता

औरंगाबादच्या शहागंजात सांडू फकिरा जंजाळ यांना सगळे सांडूवकील म्हणत. त्यांची चाल मात्र वकिलाची नव्हती. बाजारातून जाताना ते दोन्ही बाजूंच्या माणसांकडे असं निरखून बघत जात, की एखाद्याला वाटावं, आता हे आपले दात बघतात की काय. सवय घरातूनच आलेली. त्यांचे वडील, फकिराबाबा, सोयगावकडचे नावाजलेले हेडी होते. हेडी म्हणजे बैलांच्या सौद्यातला मध्यस्थ. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी शाळेतली उर्दू गेली आणि मराठी आली. या अदलाबदलीत सांडूंची सुरुवातीची वर्षं कुठल्याच भाषेत धड बसली नाहीत. "त्या काळात मी फक्त बैलबाजार शिकलो," असं ते सांगत आणि वर म्हणत, "तेवढ्यावरच वकिली चाललीय."

हे अर्धं खरं होतं. लॉ कॉलेज त्यांनी दिवसा कारकुनी करून आणि संध्याकाळी वर्गात बसून पुरं केलं होतं, आणि दिवाणी कायदा त्यांना चांगला यायचा. फक्त कायद्यानं भांडण संपतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. कापडाच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सोयगाव, दौलताबादकडून पक्षकार यायचे, कधी मुक्कामालाच यायचे. द्वारकाबाई त्यांना भाकरी वाढता वाढता निम्मी केस ऐकून घ्यायच्या. मग वकीलसाहेबांना सांगायच्या, "अहो, ह्या माणसाला जमीन नकोय. भावानं लग्नाला बोलावलं नाही, त्याचा राग आहे." सांडूवकिलांच्या निम्म्या केसेस तडजोडीत मिटत, त्याचं कारण हे.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे शहरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. हेडी खांद्यावरचा रुमाल विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि आत त्याची बोटं धरतो. एक बोट म्हणजे एक. सगळा पंजा म्हणजे पाच. बोटाचं पेर दाबलं तर अर्धा. मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. भोवती माणसांचा गराडा असतो, तरी कोण किती खाली आला आणि कोण किती वर चढला, हे कोणाला कळत नाही. सौदा झाला की रुमाल पुन्हा खांद्यावर. आकडा त्या दोघांचा. हेड्यानं तो आयुष्यात कोणाला सांगायचा नाही. पद्धत साधी आहे आणि तिच्यामागचं कारणही साधं आहे: माघार घ्यायची माणसाची तयारी असते, पण चारचौघांसमोर नसते.

आता रामकिसन आणि कडूबा यांच्या केसबद्दल. दोघे चुलतभाऊ, दौलताबादजवळच्या एका खेड्यातले. कडूबा थोरला. रामकिसनचं शेत आत होतं आणि तिथं जायची गाडीवाट कडूबाच्या बांधाला लागून. एका वर्षी कडूबानं काट्यांचं कुंपण पुढं सरकवलं आणि गाडीवाटेची पाऊलवाट झाली. रामकिसन म्हणाला, बारा फूट रस्ता पाहिजे. कडूबा म्हणाला, चार फूट लई झाले, माणूस जातो, बैल जातो, आणखी काय हत्ती न्यायचाय का. केस इतकी लांबली की दोन्ही घरच्या पोरी लग्न होऊन सासरी गेल्या. रामकिसनचे वकील सांडूभाऊ. कडूबाचे वकील मुकुंदराव पैठणकर. मुकुंदराव म्हणजे नीटस माणूस. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात अदालतीत कारकून, वडील वकील, आणि ते स्वतः असे, की पावसाळ्यातही बूट चकचकीत.

औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, त्या सुमाराची ही गोष्ट. रस्त्याची केस भानुमती रेगे यांच्यापुढे आली. त्या रत्नागिरीकडच्या, वयानं तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या. त्या वेळी बाई न्यायाधीश ही गोष्ट इतकी नवी होती, की वकीलमंडळी त्यांनाही सवयीनं साहेबच म्हणत.

त्या दिवशी दोन्ही बाजू ऐकून रेगेसाहेब म्हणाल्या, "ही केस मिटण्यासारखी आहे. बाहेर जाऊन बोला आणि परत या."

सांडूवकिलांनी दाराकडे बघितलं. व्हरांड्यात दोन्हीकडचे सोयरे, भावकी, गावातले रिकामे लोक उभे होते. एवढ्या लोकांत कडूबा एक इंचही सरकणार नाही हे त्यांना दिसत होतं.

"साहेब, बाहेर नको," ते म्हणाले. "बाहेर सगळं गाव उभं आहे. इथंच बोलतो, लगेच होईल."

"ठीक आहे," रेगेसाहेब म्हणाल्या. काय होणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती. खरं तर सांडूवकिलांनाही नव्हती. त्यांनी खिशात हात घातला, तर रुमाल एवढासा, नाक पुसायचा. मग त्यांनी अंगातला काळा गाऊन काढला, रामकिसनच्या हातावर टाकला आणि आत हात घातला.

कोर्टात आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि हसू पुढं पुढं येत गेलं. सांडूवकील गाऊन घेऊन रामकिसनकडून कडूबाकडे गेले, कडूबाकडून परत आले. मुकुंदराव आपल्याच पक्षकाराचा हात विरोधी वकिलाच्या गाऊनखाली जाताना बघत राहिले.

"मिस्टर जंजाळ, हे काय चाललंय?" रेगेसाहेबांनी विचारलं.

सांडूवकिलांची बोटं आत गुंतलेली होती. कडूबा सरकत होता. अशा वेळी बाजारात मधे डोकावणाऱ्याला हेडी जे म्हणतो, तेच त्यांच्या तोंडून निघालं, तेही मागं वळून न बघता.

"साहेब, दोन मिनिटं तिकडं बघा."

हसणं थांबलं. आपण काय बोललो हे कळायच्या आतच सांडूवकिलांनी गाऊन खांद्यावर टाकला आणि खुशीत म्हणाले, "झालं साहेब. मिटलं. लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ?" रेगेसाहेबांचा आवाज अगदी शांत होता. "न्यायालयात झाकून काही ठरत नाही, मिस्टर जंजाळ. आणि न्यायालय तिकडं बघत नाही." त्या उठल्या आणि आत निघून गेल्या. तडजोड नोंदवली गेली नाही. नोंदवला गेला तो अहवाल. वकिलानं भर कोर्टात तमाशा केला, गाऊन फडक्यासारखा वापरला, न्यायालयाचा जनावरांचा बाजार केला आणि न्यायाधीशाला दुसरीकडे बघायला सांगितलं. अहवाल वरिष्ठांमार्फत हायकोर्टात पोचला आणि सांडूवकिलांना न्यायालयाच्या अवमानाची नोटीस आली.

बाररूमला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कोर्टासमोरचा चहावाला त्यांना बघून म्हणायचा, "क्या वकीलसाब, आज गाऊन के नीचे क्या भाव चल रहा?" सांडूवकील हसायचे, चहा घ्यायचे. पण घरी आले की नोटीस काढून वाचत बसत. तुरुंगात कोणी टाकणार नाही हे त्यांना माहीत होतं. भीती वकिलीच्या सनदेची होती. अवमान सिद्ध झाला की प्रकरण बार कौन्सिलकडे जाणार, आणि तिथून सनद परत येईलच असं नाही. पंचेचाळिशीचा माणूस सनद गेल्यावर काय करणार? बैलबाजारही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता.

"माफी मागा आणि मोकळे व्हा," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं? मी तुमच्या वतीनं रोज कोणाची ना कोणाची मागते."

"मागणारच आहे गं."

"मग तोंड का असं?"

"मागणारच आहे म्हणलं ना."

त्यांचं वकीलपत्र घेतलं ते मुकुंदरावांनी. स्वतःहून घेतलं. "तुमच्यामुळं नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा पक्षकार नरम आला," ते म्हणाले. "तुमची सनद गेली तर मी कोणाशी भांडू?" त्यांनी माफीचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. इंग्रजीत, बिनशर्त, सगळीकडे नम्रतेनं आणि अत्यंत खेदानं. सांडूवकील वाचत वाचत एका वाक्यावर थांबले.

"हे काय? 'सदर प्रकार हा निव्वळ तमाशा होता व त्यास कोणताही अर्थ नव्हता.' असंच आहे ना?"

"तसंच. अहवालात तोच शब्द आहे. आपणच आधी म्हणून टाकायचं, म्हणजे कोर्टाला म्हणावं लागत नाही. सांडूभाऊ, या एका वाक्यावर नोटीस निकाली निघते. अर्ध्या तासाचं काम."

"उद्या करतो सही."

उद्या येण्याआधी कडूबा आला. त्याच्या मागं रामकिसन. ही दोघं एका बसनं आली, याचंच द्वारकाबाईंना नवल वाटलं. कडूबा पाणीही न पिता बोलायला लागला. मुकुंदरावांच्या कारकुनाकडून त्याला मसुद्याची कुणकुण लागली होती.

"वकीलसाहेब, खरं हाय का? तुमी हायकोर्टात लिहून देणार म्हणं, की तमाशा व्हता?"

"माफीची भाषा असते रे ती, कडूबा. तसं लिहायचं असतं."

"मंग माझी बोटं आत काय लेझीम खेळत व्हती का?"

"दादा, हळू बोल," रामकिसन म्हणाला.

"तू गप. रस्ता तुझा जातुय, शब्द माझा जातुय." मग पुन्हा वकिलांकडे वळून, "कुंपण काढलंय मी. कोर्टानं लिहून घेतलं नाय, तरीबी काढलं. ह्याची कापसाची गाडी दोनदा गेली तिथून. आता गावात लोक इचारत्यात, कडूबा, जमीन कशी काय सोडली? सांगतो, शब्द दिला. उद्या तुमी म्हणले तमाशा, तर मंग म्या काय सांगू? तमाशात सोडली?"

"म्हणजे तू काय करणार?"

"कुंपण जागेवर. दुसरं काय करतो."

"आन मंग माझा कापूस?" रामकिसन म्हणाला.

"तुझ्या वकिलाला इच्यार."

दोघे जेवून परतीच्या बसला गेले. सांडूवकील मसुदा घेऊन बसले. अडचण अगदी सरळ होती. सही केली तर सनद वाचत होती आणि रस्ता जात होता. नाही केली तर रस्ता राहत होता. एक माणूस त्यांच्यासमोर खाली आला होता, त्यांच्या भरवशावर, झाकलेल्या हातानं. तो खाली आलाच नव्हता असं आता त्यांनीच लिहून द्यायचं होतं.

"फकिराबाबांनी काय केलं असतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"बाबांकडे सनद कुठं होती?"

त्यांनी ते वाक्य खोडलं आणि मसुदा मुकुंदरावांकडे परत पाठवला. मुकुंदरावांनी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून नवा टाईप करून घेतला.

खंडपीठापुढे दोन न्यायमूर्ती होते. थोरल्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं.

"मिस्टर पैठणकर, माफी आहे. पण जे केलं ते निरर्थक होतं असं यात कुठंच म्हटलेलं नाही."

मुकुंदराव काही बोलणार, तेवढ्यात सांडूवकील उभे राहिले. "मायलॉर्ड, मी मराठीत बोलू का? माझं इंग्रजी घाबरल्यावर पळून जातं."

धाकट्या न्यायमूर्तींनी मान हलवली.

"गाऊन काढला, ते माझं चुकलं. तिकडं बघा म्हणालो, ते त्याहून मोठं चुकलं. त्या दिवशी कोर्टात मला ते कळलं नाही, घरी जाताना कळलं. कोर्टच तिकडं बघायला लागलं, तर लोकांनी कोणाकडं बघायचं? रेगेसाहेब बोलल्या ते बरोबर आहे. त्याची माफी मी मनापासून मागतो. पण गाऊनखाली दोन माणसांनी एकमेकांना शब्द दिला. त्याला तमाशा म्हणलो, तर ते खोटं होईल. आणि प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं, तर तोही अवमानच."

मुकुंदरावांनी त्यांचा गाऊन मागून हळूच ओढला. सांडूवकील बसले नाहीत.

"ठीक आहे," थोरले न्यायमूर्ती म्हणाले. "शब्द दिला म्हणता. किती फूट ठरले?"

सांडूवकिलांनी गाऊनच्या बाह्या सारख्या केल्या.

"मिस्टर जंजाळ?"

"ते मला सांगता येणार नाही, मायलॉर्ड. हेड्यानं आकडा सांगायचा नसतो."

मुकुंदरावांनी डोळे मिटले. थोरल्या न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "तुम्ही अवमानाच्या सुनावणीत दुसरा अवमान करताय, हे लक्षात येतंय का?"

"येतंय, मायलॉर्ड. घाम त्याचाच आहे." मग ते घाईघाईनं म्हणाले, "पण ते दोघं इथं मागं उभे आहेत. त्यांचा आकडा आहे, ते सांगतील. त्यांना बंधन नाही."

दोन्ही न्यायमूर्ती एकमेकांशी कुजबुजले. मग कडूबाला बाहेर उभं केलं आणि रामकिसनला पुढं बोलावलं.

"नऊ फूट, साहेब," रामकिसन म्हणाला. सांडूवकिलांनी श्वास सोडला.

रामकिसनला बाहेर नेलं, कडूबाला आत आणलं.

"धा," कडूबा म्हणाला.

"किती?"

"धा फूट."

मागं बसलेल्या वकिलांत चुळबुळ झाली. मुकुंदरावांनी कागद गोळा करायला घेतले. सांडूवकील कडूबाकडे बघतच राहिले. नऊ ठरले होते. पंजा आणि चार बोटं, त्यांनी स्वतः धरली होती.

"म्हणजे ठरलंच नव्हतं तर," थोरले न्यायमूर्ती म्हणाले.

धाकटे न्यायमूर्ती मात्र पुढं झुकले होते. "एक मिनिट. रस्ता देणार कोण?"

"मी, साहेब," कडूबा म्हणाला.

"घेणारा नऊ सांगतोय आणि देणारे तुम्ही दहा सांगताय?"

कडूबा अवघडला. त्यानं सांडूवकिलांकडे बघितलं, मग टोपी काढून हातात घेतली. "ठरलं नऊच व्हतं. पण कुंपण काढताना बघितलं, तर विहिरीपाशी गाडीचं चाक वळत नाय. मंग आनिक एक फूट सोडला."

"मग त्यांना का माहीत नाही?"

"सांगितलं नाय त्याला."

"का?"

"काय सांगायचं, साहेब? इतकी वर्सं भांडलो. येकदम गोड कसं बोलायचं?"

धाकट्या न्यायमूर्तींनी तोंडावर हात धरून खोकल्यासारखं केलं. आदेश तिथंच सांगितला गेला. माफी स्वीकारली. नोटीस निकाली. वकिलाला कडक समज, पुन्हा असं घडल्यास गय होणार नाही. ज्या कोर्टात प्रकार घडला, त्याच कोर्टात वकिलानं समक्ष माफी मागावी, आणि तडजोड त्याच कोर्टापुढे उघडपणे, मोठ्यानं सांगून नोंदवावी.

पुढच्या आठवड्यात सांडूवकील गाऊन नीट घालून रेगेसाहेबांपुढे उभे राहिले. कोर्ट गच्च भरलं होतं. त्यांनी माफी मागितली, काहीही न वगळता.

रेगेसाहेबांनी ऐकून घेतलं. "त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही सगळे मला हसताय," त्या म्हणाल्या. "नवीन आहे, बाई आहे, म्हणून."

"नाही साहेब. मला हसत होते. अजून हसतात."

"हं," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. "आकडा सांगा. मोठ्यानं."

"धा," कडूबा म्हणाला.

"नऊ लिहा, साहेब," रामकिसन म्हणाला. दहाव्या फुटाचं त्याला बसमधे कळलं होतं, आणि तेव्हापासून दोघे पुन्हा बोलत नव्हते. "ठरलं ते नऊ. फुकटचं मला नको."

"मंग चाक काय डोक्यावर घिऊन वळवणार का?"

"माझं चाक, मी बघून घेईन."

"लई श्रीमंत झालास व्हय?"

मुकुंदराव काही म्हणणार होते. सांडूवकिलांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते, ते तसेच ठेवले.

"सगळीकडे नऊ," रेगेसाहेब म्हणाल्या, "आणि विहिरीजवळच्या वळणावर दहा. वळणाला जास्त जागा लागते, ती कोणाची मेहेरबानी नाही. चालेल?"

कडूबानं रामकिसनकडे बघितलं. रामकिसन जमिनीकडे बघत होता.

"चालंल," रामकिसन म्हणाला.

"मला तर कवाच चालत व्हतं," कडूबा म्हणाला.

तडजोड टाईप झाली. दोघांनी सह्या केल्या, दोन्ही वकिलांनी केल्या, आणि व्हरांड्यातल्या गावानं आकडा ऐकला तरी कडूबाचं काही बिघडलं नाही.

संध्याकाळी सांडूवकील घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"सनद राहिली?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"राहिली."

"आणि त्या दोघांचा रस्ता?"

"तोही राहिला. नोंद झाली."

"मग तोंड का असं?"

"अगं, आजवर माझ्या सौद्यातला आकडा कधी बदलला नव्हता," ते म्हणाले. "पहिल्यांदाच एक फूट निसटला. आणि तोही मला न विचारता."

"बूट काढा आधी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला आत गेल्या.